एक घर वर

मी कॅसेट बोलतेय. त्या दुपारी रक्षाच्या मैत्रिणीच्या, आचलच्या घरी, तिच्या नव्याकोऱ्या डेकमध्ये मी बोलू लागले आणि रक्षाचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"आचल, हिचा आवाज जाड काऊन वाटून राह्यला?"

"नवीन डेक हाय बाई. मोठे स्पीकर हायेत. तुमच्या डबड्यासारखं नाई," आचल म्हणाली आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिली.

रक्षाला ते पटलं नाही. तिला तसं काहीच लवकर पटत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, आणि परीक्षेला नंबर चारदा तपासल्याशिवाय बाकावर टेकत नाही. मैत्रिणी हसतात. मी हसत नाही. दोन वर्षं तिने मला रोज ऐकलंय, भावासाठी. तिचा कान मला ठाऊक आहे.

तो भाऊ, प्रफुल, त्या वेळी नागपुरात होता. चार वाजता त्याला स्टेजवर उभं राहायचं होतं.

जरा मागून सांगते. वर्ध्याच्या एका दुकानात मी कोरी पडून होते. शहाण्णव साली प्रफुलने मला घेतलं आणि होस्टेलवर मित्राकडे, योगेंद्रकडे नेलं. योगेंद्रकडे विलायती रॉक बँडचे अल्बम होते, ट्रंकभर. लोक गाणाऱ्याला ऐकतात, फार तर गिटारवाल्याला. या दोघांचं वेड निराळं. त्यांना हवी होती बेस गिटार, चार जाड तारांची, जी कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येते.

"ज्याच्यात बेस बोलते, तेच गाणं भर," प्रफुल म्हणायचा.

अशी चार अल्बममधली अठरा गाणी माझ्यात आली. एकात बेस एकटाच सुरू होतो आणि बाकीचे दारात चपला काढून आत यावेत तसे एकेक येतात. एकात गिटार गप्प बसते आणि बेसच गातो. एकात तो कापसाच्या जिनिंगमधल्या पट्ट्यासारखा फिरत राहतो, पाच मिनिटं, एकदाही दम न घेता. अल्बमवर छापलेली मिनिटं-सेकंदं योगेंद्रने माझ्या कार्डावर गाण्यागाण्यापुढे उतरवली. मग प्रफुलने माझे वरचे दोन दात स्क्रूड्रायव्हरने मोडले, म्हणजे माझ्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाऊ नये. मला दुखलं नाही. मान मिळाल्यासारखं वाटलं.

हिंगणघाटात त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर एकच. त्याची मोटार जळाली होती, तेव्हा रूपराव मिस्त्रीने दुसऱ्याच कुठल्या टेपची बसवून दिली होती. "फिरते ना? मंग झालं!" तेव्हापासून आईची भजनाची कॅसेट लवकर संपायची. आई, शकुंतलाबाई, खूश. "बरंच झालं. देवाचंही होते, अन् भाजीही करपत नाई." माझी गाणी तर इंग्रजी. ते गाणारे मुळात कसे गातात, हे त्या घरात कोणाला ठाऊक?

प्रफुल टेपरेकॉर्डर गव्हाच्या रिकाम्या कोठीत ठेवायचा, म्हणजे बेस घुमायचा. आपली बेस गिटार आधी भजन मंडळाच्या पेटीवर जुळवून घ्यायचा, अगदी तंतोतंत. मग कोठीत डोकं घालून माझा एकेक सूर शोधायचा. रक्षा बटणं दाबायची आणि तो सांगेल ते वहीत लिहायची. "पहिली तार, पहिलं घर." गिटारच्या दांडीवर दोन पट्ट्यांमधली जी जागा, तिला ते घर म्हणत. बोट न ठेवता वाजते ती खुली तार.

"रक्षे, ध्यानात आलं काय तुह्या?" एकदा तो कोठीतून डोकं काढून म्हणाला. केसांत गव्हाचा भुसा होता. "हे मोठे बेसवाले खुली तार वाजवतच नाई. अठरा गाण्यांत एकदाही नाई! आपण सोपं पाहतो, म्हणून आपण हिंगणघाटात."

मी ओरडून सांगितलं असतं. पण माझ्यात जे भरलंय तेवढंच मला बोलता येतं.

मग नागपूरच्या एका बँडचा बेसवाला हात मोडून बसला आणि योगेंद्रने प्रफुलचं नाव सुचवलं. सहा गाणी, सगळी माझ्यातली. सरावाला वेळ नाही, सरळ स्टेजवर. बाबा, वासुदेवराव, जेवता जेवता एवढंच म्हणाले, "जा. जमलं तर तुह्या मनासारखं कर. हसं झालं, तर सोमवारपासून आपल्या दुकानात बैस. मंग त्या लाकडाले हात लावायचा नाई." प्रफुलने मान हलवली. ताटातली पोळी त्याने तशीच ठेवली.

सकाळच्या एस.टी.ने तो गेला. सगळं पाठ, म्हणून मी घरीच. माझी फीत झिजत आलीय, तेव्हा तो परतेपर्यंत नवी प्रत काढून ठेवावी, म्हणून रक्षाने मला आचलकडे आणलं.

आणि आता तिने कप खाली ठेवला होता.

तिने माझं कार्ड उलटलं, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसली. कार्डावर होतं, तीन मिनिटं चाळीस सेकंद. आचल काहीतरी बोलली. रक्षाने हात वर करून तिला थांबवलं. शेवटचा सूर विरला तेव्हा काटा बरोबर चाळीसवर होता.

"तुमची मशीन बरोबर हाय," ती हळूच म्हणाली.

"मंग? नवीन हाय न!"

"म्हणजे आमची पळते, आचल! दोन वर्षं पळून राह्यली!"

तिने पुन्हा पहिला सूर लावला. पहिल्या घराचा नव्हताच तो. खुली तार होती. ते सगळे मोठे लोक मजेत खुली तार वाजवत होते. आमच्या पळत्या टेपवर सूर चढायचा आणि प्रफुल बिचारा प्रत्येक सूर एक घर वर शोधायचा.

"त्याले कान हायेत ना? कळन त्याले," आचल म्हणाली.

"बिघडलं ते कळन वं, काऊन बिघडलं ते नाई कळन! तो तारा पिळत बसन. बाकीचे तिघं एकीकडे अन् हा एकटा दुसरीकडे, समदा हॉल पाहून राह्यला…"

तिने मला खेचून काढलं. स्टॉपचं बटण दाबायचं राहिलं. माझी फीत आत अडकली, ताणली गेली आणि बाहेर लोंबली. तिने ते पाहिलंही नाही. मला मुठीत घेऊन ती पळाली. मागून स्कूटरचा हॉर्न वाजला तशी भिंतीला चिकटली, आणि पुन्हा पळाली.

चौकातल्या एस.टी.डी. बूथवर मंदाबाई वाती वळत बसल्या होत्या. "काऊन धापा टाकून राह्यली वं? कोण गेलं?"

"कोणी नाई, मावशी. दादा एक घर वर वाजवून राह्यला."

"कोणाच्या घरी?"

"नंबर लावा ना, मावशी!"

हॉलच्या ऑफिसचा नंबर प्रफुलने तिच्या तळहातावर लिहून ठेवला होता, काही लागलं तर म्हणून. घामाने शेवटचा आकडा फुटला होता. सात की एक? रक्षाने सात लावला. कोणाच्या तरी घरी लागला. त्यांनी शिवी दिली. एक लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा कमी होते.

"तिकडे भूकंप झाला काय?" मंदाबाईंनी वात बाजूला ठेवली. "दे इकडे, मी फिरवते. तू पाणी पे."

या वेळी घंटी गेली. वाजली, वाजत राहिली, आपोआप तुटली.

आता मी काउंटरवर पडलेय, वातींच्या शेजारी. हातभर फीत बाहेर, मधोमध सुरकुती. मी पुन्हा नीट वाजेन असं वाटत नाही. त्याचं मला दुःख नाही. अठरा गाणी त्याच्या बोटांत आहेत, फक्त चुकीच्या घरांत. साहेब, त्या ऑफिसात तुम्ही जे कोणी असाल, हार आणायला गेला असाल, माइक जोडत असाल, माझं मागणं मोठं नाही. आता फोन वाजेल, तेवढा उचला. पोरीला एकच वाक्य सांगायचंय.

मंदाबाईंनी परत नंबर फिरवला आणि रिसीव्हर रक्षाच्या कानाला लावला. घंटी. घंटी. रक्षाने डोळे मिटले. ओठ आधीच हलत होते: एक घर खाली, दादा, समदं एक घर खाली.

खट्.

तिकडे गर्दीचा गलका होता. त्यामागे कुठेतरी एकच जाड तार, थांबून, थांबून. अजून जुळवणंच चाललं होतं.

"हॅलो," कोणीतरी म्हणालं, "बोला, कोण पाहिजे?"