दाजींच्या मोबाइलमधलं लायसन

आमच्या ह्यांना, म्हणजे बद्रीनाथला, लायसन मिळालं तेव्हा त्यांनी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हारफुलं पाठवली. माझ्या नणंदेचे यजमान फकिरा दाजी, त्यांनी मात्र फोटो जपून ठेवला. दाजींकडं मोटारसायकल आहे, लायसन नाही. पोलिसानं अडवलं की ते तो फोटो पुढं करतात आणि सांगतात, मीच बद्रीनाथ. लायसनवरच्या फोटोत तसाही माणूस ओळखू येतो कुठं? दंड जागेवर भरला, की मिटलं त्यांच्या लेखी.

हे आम्हाला कळलं शाळेच्या बसवर ड्रायव्हरची जागा निघाली तेव्हा. ह्यांनी बस अशी चालवून दाखवली की शाळेचा माणूस खूश झाला. मग त्यानं मोबाइलवर लायसनचा नंबर टाकून पाहिलं आणि मोबाइल ह्यांच्यापुढं धरला.

"फोनवर बोलणं, सिग्नल तोडणं, पुन्हा सिग्नल," तो म्हणाला. "लेकरांच्या बसवर कसं घेऊ तुम्हाला? दुसऱ्यानं केलं असेल तर त्याच्या सहीनं लिहून आणा. सोमवारपर्यंत थांबतो."

सगळी चलनं दाजी राहतात त्या छावणी भागातली, गाडीचा नंबर दाजींचा. शोधायला काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "चला, सही आणू."

"तनुजा, जावई हायेत ते," हे म्हणाले.

नोकरी जाऊ द्या, पण जावयाचा मान गेला नाही पाहिजे. असा संताप आला मला! तरी ओढून नेलंच.

छावणीत नणंदेनं, वच्छलाबाईंनी, गरम भजी पुढं ठेवली. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बद्री, तुझ्या लायसनमुळं ह्यांची लई सोय झाली बघ. नाय तर कुणी अडवलं की राग घरी येऊन माझ्यावर निघायचा."

हे नुसते "व्हय" म्हणाले. मी बोलायला गेले, तर ह्यांनी माझा पाय दाबला. वन्सं भावाकडं इतक्या कौतुकानं बघत होत्या की मीही बोलायचं सोडून भजं तोंडात टाकलं.

निघताना दाजी हट्टालाच पेटले, स्टँडपर्यंत सोडतो म्हणून. नाही म्हणायची सोय नव्हती. एका गाडीवर तिघं. चौकात हवालदारानं शिट्टी मारली आणि दाजींनी सवयीनं मोबाइल काढला.

"बद्रीनाथ का?" हवालदारानं फोटो पाहिला, मग ह्यांच्याकडं वळला. "आणि तुम्ही कोण?"

आता तरी बोला हो, असं मी मनात शंभरदा म्हटलं.

"मी यांचा मेहुणा," हे म्हणाले.

हवालदारानं मशीनवर बोटं चालवली. "बद्रीनाथ, लई झालं तुमचं. हे लायसन आता निलंबनाला जाणार. गाडीला हात लावायचा नाय."

दाजींनी मान डोलावली. हवालदार दुसऱ्या गाडीकडं गेल्यावर ते खाली उतरले आणि किल्ली ह्यांच्या हातात देत हळूच म्हणाले, "बद्री, हितून पुढं तूच चालव बाबा. तुझ्याकडं लायसन हाय."