गळ्यापर्यंत पुरलेला नेचा

मी नेचा बोलतोय. ओळखलं नसेल, तर गळक्या नळाखाली नाहीतर ओल्या भिंतीच्या भेगेत जरा वाकून बघा. तिथे कातरलेल्या पानांचं जे हिरवं दिसेल, ते बहुधा आमच्याच घराण्यातलं. मला ना फूल, ना फळ. त्यामुळे माणसांच्या लेखी मी म्हणजे रान.

माझा जन्म या घराच्या मागच्या कोपऱ्यात, नळाखालच्या भेगेत झाला. मला कुणी लावलं नाही की पाणी घातलं नाही. एका बाजूला उंच कुंपण, दुसऱ्या बाजूला घर. ऊन इथे वाट चुकल्यासारखं येतं आणि लगेच निघून जातं. माझं मात्र झकास चाललं होतं.

तेव्हा घरात राज्य होतं सासूबाईंचं. पुढच्या अंगणातले त्यांचे गुलाब बघायला रस्त्यावरची माणसं थांबत. बाईंच्या हाताला गुण फार, पण जीभ तिखट. हात धुवायला मागे आल्या की मला बघून कपाळाला आठी. "हे मेलं पुन्हा उगवलं!" म्हणत त्या मला उपटून टाकायच्या. मुळाचा एखादा तुकडा भेगेत राहायचा आणि मी पुन्हा डोकं वर काढायचो. मला त्यांचा राग कधी आला नाही. गुलाबांना सरावलेल्या डोळ्यांत मी कुठून भरणार?

मग एके दिवशी त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. जिना बंद झाला म्हणून त्यांचा पलंग खालच्या मागच्या खोलीत आला. त्या खोलीची खिडकी नेमकी माझ्या कोपऱ्यावर उघडते.

त्यांचा व्यायाम घ्यायला एक ताई येत. त्यांनी मुलाला आणि सुनेला बाहेर माझ्याजवळ आणून हळू आवाजात सांगितलं, "हाड जुळलंय. पण आता चालल्या नाहीत, तर कायमच्या अंथरुणाला खिळतील."

वॉकर पलंगाशी उभा होता. त्यावर टॉवेल वाळायचा, एवढाच त्याचा उपयोग.

"आई, निदान दारापर्यंत चला ना," सून म्हणायची.

"चालून जायचं कुठे?" सासूबाई विचारायच्या.

मुलगा आईवेडा. त्याने खिडकीखाली गुलाब आणून लावले. कळ्या गळल्या, पानं पिवळी पडली, नुसत्या काटक्या उरल्या. मग जास्वंद आणली, तीही उंच, लुकडी होऊन आडवी झाली. हा पठ्ठ्या फूल बघून रोप उचलायचा. "सावलीत येईल ना?" असं विचारलं की नर्सरीवाला दरवेळी "येईल की!" म्हणायचा, आणि हा खुशीत घरी यायचा.

शेवटचा गुलाब वाळला तेव्हा सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझ्यासारखीच गत झाली त्याची. उपटून टाका," म्हणाल्या. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून स्टूल घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. रोप नाही, कुदळ नाही, हातात नुसता चहाचा कप. ऊन कुठे टेकतं, पाणी कुठे साचतं, सगळं बघत बसली. पुढे रोजच यायला लागली. एकदा माझं पान बोटांवर घेऊन ती नवऱ्याला म्हणाली, "इथे हा एकटाच मजेत आहे बघ. याला जी जागा मानवते, ती आणखी कुणाकुणाला मानवते, ते शोधू या." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा सल्ला घेत होतं! मी किती फुललो म्हणून सांगू. फूल नसतानाही.

नर्सरीत तिने पुढच्या रंगीत रांगांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मागे गेली आणि टेबलांच्या खाली वाकली. तिथल्या अंधारात जी रोपं तजेलदार होती, तेवढीच उचलली. त्यातही पांढऱ्या पट्ट्यांची पानं, फिकट ठिपक्यांचं अळू, पांढऱ्या फुलांची पीस लिली. गडद पान सावलीत हरवतं, आईंना पलंगावरून दिसायला हवं, हे तिने नवऱ्याला समजावून सांगितलं.

कुंड्या तिने आधी नुसत्या मांडून पाहिल्या. मग आत जाऊन सासूबाईंच्या उशाशी, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला वाकून खिडकीबाहेर बघितलं. परत बाहेर येऊन कुंड्या हलवल्या, पुन्हा आत गेली. अशी माया मी कुठे पाहिली नाही.

सगळी रोपं जमिनीत लागली. शेवटी तिने मला भेगेतून अलगद सोडवलं आणि मधोमध, मानाच्या जागी बसवलं. तेवढ्यात दूध करपल्याचा वास आला. माझ्यावर भसकन माती लोटून ती आत पळाली.

आमची नवी पानं मधल्या गाभ्यातून फुटतात. तो मातीखाली गेला की आम्ही कुजतो. माझा गेला होता. मी घाबरलो, पण ओरडणार कसा?

ओरडल्या सासूबाई. "अगं ए! गळ्यापर्यंत पुरलंस त्याला! कुजेल ना तो!"

स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग शांत झाल्या. मी आशा सोडली. इतक्यात वॉकरची खडखड ऐकू आली. मधेच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मागचं दार उघडलं. दारात सासूबाई उभ्या होत्या, घामाघूम, खांद्यावर वॉकरवरचा टॉवेल तसाच.

सून हात पुसत आली आणि जागच्या जागी थिजली.

"माझ्याकडे काय बघतेस? आधी त्याला वर काढ. अजून थोडा. हं, आता जगेल."

सुनेच्या डोळ्यांना धार लागली होती.

"रडू नकोस गं," सासूबाईंचा आवाजही भिजला होता. "त्याला नळाचं पाणी घाल."

आता या कोपऱ्यात एक खुर्ची असते. सासूबाई रोज चालत येऊन तिथे बसतात. तुमच्याही घराशी अशी एखादी उजाड, सावलीतली जागा असेल, तर रोप आणण्याआधी तिथे थोडं बसा. न बोलावता कोण आलंय, ते बघा. आणि कृपा करून त्याला उपटू नका.

परवा पाहुण्या आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती सुरेख नेचा! कुणी लावला?"

"मी," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

सुनेने हसू दाबत माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.