खिंडीपलीकडचा कोबी

मित्रांनो, मी एक जुना जिगे आहे, पाठीवर ओझं वाहायची लाकडी चौकट. बैल, घोडा, गाढव माणसाला पाठीवर घेतात. माझं उलटं, मीच माणसाच्या पाठीवर बसतो. म्हणून मला आळशी समजू नका. आमच्या कोरियातल्या या डोंगरात ज्या वाटांवर बैलाचा खूर ठरत नाही, तिथून खत, सरपण, भाताचे भारे सगळं माझ्यावरच चढलं आणि उतरलं आहे.

मला दल्सूच्या वडिलांनी घडवलं. रानात हिंडून त्यांनी पाइनच्या दोन अशा फांद्या शोधल्या, की ज्यांना मधोमध आपसूक फाटा फुटला होता. फाट्यांवर ओझं बसतं आणि खालची टोकं माझे पाय होतात. मध्ये आडव्या पट्ट्या ठोकल्या, पाठीला टोचू नये म्हणून पेंढ्याची गादी विणली, खांद्यांसाठी पेंढ्याचेच दोन बंद वळले. दल्सूचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. म्हाताऱ्याने त्याला भिंतीशी उभं केलं, पाठीचं माप घेतलं आणि मला बरोबर त्याच्यापुरतं कापलं. शेजारचा मुन्सोप एकदा मला उसना घेऊन गेला, तर माझे पाय पावलागणिक त्याच्या पोटऱ्यांवर आपटत राहिले. बिचारा बुटका होता, त्यात माझा काय दोष?

गावाचं सगळं शिवार मला ठाऊक आहे, कारण ते मी वजनाने शिकलो. स्वयंपाकघराच्या दाराशी परसातला वाफा, तिथे कोबी, मुळा, मिरची. त्यांना सारखं खतपाणी लागतं आणि ते वजनाला भारी. पुढे ओढ्याकाठी भातखाचरं. मग उतारावर सोयाबीन आणि बटाटे. खिंड ओलांडली की घरचा शेवटचा तुकडा, तिथे कुट्टू. तो पेरायचा, विसरायचा आणि पिकला की हलके दाणे झोडून आणायचे. त्याच्याही पलीकडे सरपणाचं रान. दल्सूची आई म्हणायची, "जड ते दाराशी, हलकं ते डोंगरापाशी." म्हातारीने आयुष्यभर नवऱ्याची पाठ चोळून दिली होती, तिला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

दल्सूला मात्र हौस फार. मीरान, त्याची लेक, तीन वर्षांची होती तेव्हा त्याची बायको मालसून काही दिवस माहेरी गेली. तेवढ्यात या गड्याने एक गोऱ्हा विकत आणला आणि जागा शोधायचे कष्ट नकोत म्हणून परसातल्या वाफ्यावरच गोठा उभा केला. मालसून परत आली, तिने गाठोडं खाली ठेवलं आणि गोठ्याभोवती एक फेरी मारली.

"मीरानचे बाबा, माझा वाफा कुठाय?"

"इथंच तर आहे. वर गोठा आलाय, एवढंच."

"आणि कोबी कुठं लावायचा? तुमच्या डोक्यावर?"

"खिंडीपलीकडे लावू. तिथली माती बघितलीस का, कशी काळीभोर आहे? कुट्टू लावून वाया घालवतोय आपण."

"माती चांगली आहे हो. पण माती चालत घरी येते का?"

"जिगे आहे ना."

"जिगे आहे. त्याला पाय तुमचे आहेत."

पण दल्सूने एकदा मनात घेतलं की घेतलंच. त्या उन्हाळ्यात मी शेणखताची टोपली घेऊन खिंड इतक्यांदा चढलो, की वाटेवरचा प्रत्येक दगड मला ओळखू लागला. आणि खरं सांगतो, कोबी आला तो असा आला, की बघत राहावं. वरची गार हवा, धुकं, नवी माती, सगळं त्याला मानवलं. दल्सू गावभर सांगत सुटला, "एकेक गड्डा आमच्या मीरानएवढा." मलाही आनंद झाला होता. मीही त्या कोबीचा अर्धा बाप होतो.

थंडी तोंडाशी आली. घरोघरी बायकांनी दारातला कोबी उपटला, मिठात घातला, मडकी धुऊन अंगणात पुरायला खड्डे खणले. मालसूनने मीठ आणलं, मिरची कुटली, आणि ती कोबीची वाट बघत बसली. वरचा गड्डा मीरानएवढा असला, तर एका खेपेत किती मीराना येणार? दल्सू पहाटे निघायचा आणि एक खेप करून दुपारी टेकायचा. अजून निम्मं शेतही रिकामं झालं नव्हतं, तोच उतरताना त्याचा पाय सटकला आणि गुडघा सुजून भोपळा झाला.

त्याच दुपारी वारा पडला आणि आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं. रात्री सगळं गोठवणारी थंडी पडणार, हे पोरासोरांनाही कळत होतं. गोठलेला कोबी उकडल्यासारखा मऊ पडतो, तो मडक्यात घालून काही उपयोग नाही. आणि मडक्यात मुरलेली ही किम्ची नसली, तर हिवाळाभर भातासोबत काय खायचं? समोरची भिंत?

"मुन्सोपला सांगते," मालसून म्हणाली.

"नको. हसतील सगळे. उद्या मी जातो."

"कुठल्या पायानं?"

ती तडक मुन्सोपच्या अंगणात गेली.

"भाऊजी, इर्जिक हवी आहे. आत्ता, लगेच."

"कशाला? मीरानएवढा कोबी उचलायला?" मुन्सोप दात काढत म्हणाला. "मग मीरानलाच पाठव की, ती कोबी घेऊन येईल."

"हसा पोटभर. पण हसता हसता जिगे काढा."

त्याने जिगे काढला. त्याच्या मागे आणखी गडी निघाले. आमच्याकडे इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या कामाला धावून जायला, नाही म्हणायची रीत नाही. पण मला कोण घेणार? मी तर दल्सूच्या मापाचा. बायका ओझं डोक्यावर वाहतात, जिगे बायकांचा नव्हे. मालसूनने इकडेतिकडे पाहिलं, माझे बंद आखडले आणि मला पाठीवर घेतलं.

मित्रांनो, ती दल्सूच्या खांद्यापर्यंत जेमतेम पोचायची. खिंड उतरताना भरल्या ओझ्यासकट माझे पाय तिच्या पोटऱ्यांवर आपटत होते, आणि मला थांबता येत नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही. पुढे मुन्सोप गाणं म्हणत होता, मागे सगळी रांग हसत होती, आणि दिवस मावळायच्या आत शेवटचा गड्डा अंगणात पडला.

दल्सू काठी टेकून फाटकाशी उभा होता. त्याने तिच्या पाठीवरून मला उतरवलं, तेव्हा त्याला तिच्या पोटऱ्या दिसल्या. गुडघा बरा झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते गोठा उखडून फाटकापाशी नेण्याचं. आणि इर्जिक फेडायला तो ज्याच्या ज्याच्या घरी गेला, तिथे तिथे त्याला मीरानची चौकशी ऐकून घ्यावी लागली.

पुढे खूप वर्षांनी खिंडीतून डांबरी रस्ता झाला. शहरातून ट्रक येऊ लागले, आणि खिंडीपलीकडच्या त्याच तुकड्यात मीरान आता कोबीच कोबी लावते. दल्सू मिशीत हसत म्हणाला, "मी म्हणालो नव्हतो?"

"तुम्ही नाही म्हणालात," मालसून म्हणाली. "रस्ता म्हणाला."

घराघरात गॅस आला तशा सरपणाच्या वाटा बुजल्या. सोयाबीनचा उतार रानाने परत घेतला. मी वळचणीला टांगलेला राहिलो, माझे बंद उंदरांनी खाल्ले, गादीत चिमण्यांनी पिल्लं वाढवली. वाईट वाटलं, नाही असं नाही, पण चिमण्यांची सोबत बरी होती. एकदा शहरातला एक खाणावळवाला मला विकत मागायला आला, त्याला शोभेसाठी हवा होतो. मालसून म्हणाली, "त्याचं माप यांच्या पाठीचं आहे. तुमच्या भिंतीला बसायचा नाही."

मित्रांनो, एखादं शेत बघाल तेव्हा तिथली माती जरूर बघा. पण तिथलं पीक कोणाच्या पाठीवरून घरी येतं, तेही विचारा, आणि त्या पाठीला जपा. लांब आणि जवळ हे जमिनीवर ठरत नाही, त्या पाठीवरच ठरतं.

मीरान ट्रकभर कोबी आणते, तरी घरच्या किम्चीचा कोबी अजून परसातल्या वाफ्यातच लागतो. "तो विकायचा, हा खायचा," असं मालसूनचं म्हणणं. गेल्या थंडीत दल्सूने मला खाली काढलं, नवे नायलॉनचे बंद लावले. त्याचे गुडघे पार गेलेत. तो वाफासुद्धा आता त्याच्यासाठी खिंडीपलीकडे गेला आहे. मालसूनने माझ्यावर कोबी रचला. दल्सू मला पाठीवर घेऊन काठीच्या आधाराने उठला आणि मडक्यांच्या दिशेने निघाला.

"हलकं वाटतंय गं," तो म्हणाला. "अजून टाकायचे होतेस."

"यंदा गड्डेच लहान आलेत," ती त्याच्या मागून म्हणाली.

गड्डे चांगले भरलेले होते. तिचे दोन्ही हात माझ्या खाली होते.