थांबलेली आग

वलगावात लाईट गेली की लोक आधी सुगतला फोन लावतात आणि मग मेणबत्ती शोधतात. पंचवीस वर्षं नोकरीत मुरलेला लाईनमन. वादळवाऱ्यात खांबावर चढताना त्याला कधी भीती वाटली नाही. पण बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काढायचा म्हटलं, की हा गडी काहीतरी काम काढून घराबाहेर पडलाच समजा. त्याचं कारण त्याच्या बायकोला, संध्याला, पक्कं ठाऊक होतं. ते कारण अकोल्यात राहत होतं आणि त्याला डावा पाय नव्हता.

जानराव म्हणजे सुगतचा थोरला भाऊ. त्याचं दुखणंही तळपायाच्या आगीनंच सुरू झालं होतं. पुढे साखर निघाली, पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्या दिवशी सुगत बाहेरच्या बाकावर बसून होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. तपासलं की साखर निघते, साखर निघाली की पाय जातो. मग तपासायचंच कशाला?

दोन वर्षांपूर्वी त्याचे स्वतःचे तळपाय जळू लागले, तेव्हा त्यानं सगळा दोष बुटांवर ढकलला. "वऱ्हाडातला उन्हाळा अन् हे जाड रबराचे बूट. जळतीन नाई त काय?" दिवसभर ठीक असायचं, पण पाठ टेकली की पायांत निखारे भरल्यासारखं व्हायचं. पांघरूण लागलं तरी सहन होत नसे. तो थंड फरशीवर पाय ठेवून बसायचा, बादलीत पाय बुडवायचा, मुंग्या येतात म्हणून पावलं आपटायचा. आपल्याकडे तळपायाची आग मस्तकात जाते ती रागानं. सुगतची आग तळपायातच मुक्काम ठोकून बसली होती.

संध्यानं मग माहेराहून, नांदगाव खंडेश्वरहून, आईची काशाची वाटी आणली. रोज संध्याकाळी जेवणं झाली की ती त्याचा पाय मांडीवर घ्यायची, तूप लावायची आणि वाटीनं घासायची. पहिल्या दिवशी तर त्यानं तमाशाच केला. त्याच्या तळपायांना भयंकर गुदगुल्या व्हायच्या, लग्नाच्या आधीपासूनच्या. वाटी लागली की पाय ओढायचा, हसायचा. एकदा तर सगळं तूप चादरीवर सांडलं. "लहान पोरापेक्षा गेले तुमी," ती चिडून म्हणाली होती.

घासता घासता तूप काळं व्हायचं. पाव तासात तळवा काजळ फासल्यासारखा दिसायचा. "पाहा, किती गर्मी निघून राहिली," ती म्हणायची आणि दोघांनाही बरं वाटायचं. उद्या डॉक्टरला दाखवू, असंही ती अधूनमधून म्हणायची. पण तेवढंच. खरं सांगायचं तर तिलाही भीती वाटत होती. डॉक्टर काय म्हणेल ते ऐकण्यापेक्षा वाटी घासणं सोपं होतं.

आणि मग या वर्षी आग थांबली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दोघं नागपूरला गेले, गर्दीत दिवसभर चालले, आणि घरी आल्यावर सुगत पांघरूण घेऊन सकाळपर्यंत गाढ झोपला. आठ दिवस गेले, पंधरा गेले. बादली न्हाणीघरात परत गेली. संध्याला वाटलं, आईच्या वाटीनं जिंकलं. हा आनंद कोणाला तरी सांगावा म्हणून तिनं एका दुपारी अकोल्याला मोठ्या जावेला, मनकर्णाबाईला, फोन लावला.

"जय भीम, बाई. तुमच्या देराच्या पायाले आराम पडला. आग पुरी थांबली."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"औषध कोन्तं चालू हाय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"औषध नाई. काशाची वाटी."

"संध्या," मनकर्णाबाई हळूच म्हणाली, "आमच्या यायचीबी आग अशीच थांबली होती. आमी पेढे वाटले होते गल्लीत. मंग दीड महिन्यानं ते जखम झाली."

संध्यानं फोन ठेवला. आगीची भीती तिला इतक्या दिवसांत ओळखीची झाली होती, पण आराम पडल्याची भीती कशी वाटून घ्यायची हे तिला कळेना. सुगत कामावर होता. तिनं भांडी घासली, दळण आणलं, आणि सारखी दाराकडे बघत राहिली.

तो संध्याकाळी आला. शिवारात तार पडली होती, ती जोडून आला होता. लंगडत नव्हता. चांगला शीळ घालत आला. जेवला, खाटेवर लवंडला, मोबाईलवर कसला तरी विनोदी व्हिडिओ लावला. संध्यानं त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला, तूप लावलं आणि वाटी फिरवली.

वाटी मध्येच अडली.

तिनं पुन्हा फिरवली, ती पुन्हा तिथंच अडली. तूप काळं व्हायच्या ऐवजी लाल होत होतं. तिनं पाय दिव्याकडे वळवला. अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता. बुटाच्या तळव्यातून आरपार आला असणार, आणि त्याच्यावर हा माणूस दिवसभर चालला होता. वर सुगत व्हिडिओ बघून हसत होता.

"लागून नाई राहिलं?" तिनं विचारलं.

"काय?"

ती ओरडली नाही. तिनं काट्याला हात न लावता तळव्याच्या मधोमध नखानं हळूच रेघ ओढली, जिथं नुसतं बोट दाखवलं तरी तो उडायचा तिथं. पाय हलला नाही. तिनं पुन्हा ओढली, पुन्हा ओढली. पाय लाकडासारखा पडून राहिला.

"काय करून राहिली तू?" सुगतनं मोबाईलवरून नजर काढत विचारलं.

"गुदगुल्या करून राहिली."

सुगतनं तिच्या बोटाकडे पाहिलं. मग पायाकडे, काट्याकडे, लाल तुपाकडे. मोबाईल छातीवर पडला आणि त्यातली माणसं हसत राहिली. तो उठून बसला. त्यानं स्वतःच्या हातानं तळवा चोळून पाहिला, आधी हळू, मग जोरात. त्याचा चेहरा असा उतरलेला संध्यानं जानरावच्या ऑपरेशनच्या दिवशी पाहिला होता.

"डीपीवर स्पार्किंग होऊन राहिलं," तो म्हणाला, "अन् कोनी हात न लावता बंद झालं, त मी खुश होतो काय? मले समजते, का तार जळून तुटली." "माही लाईन तुटली, संध्या."

"उद्या सकाळी अमरावतीले जाऊ."

"पाय कापतीन."

"दादाच्या जखमेले तुमी लोकायनं दोन महिने हळद लावली. हा काटा आजचा हाय." तिनं पाय सोडला नाही. "दोन वर्षं मी तुमच्यासंग भेली. आता नाई भेत."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. पण त्यानं मान हलवली.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी काटा टोकासकट काढला, जखम धुतली, रक्त घेतलं. सुई टोचताना सुगतनं डोळे घट्ट मिटले. साखर तीनशे ऐंशी निघाली, बी-बारा अगदी तळाला. मग बाईंनी नायलॉनचा एक बारीक दोरा घेतला. "पुन्हा डोळे मिटा. दोरा लागला की हो म्हणा."

थोड्या वेळानं सुगत म्हणाला, "सुरू करा ना मॅडम."

बाईंचं उजव्या पायावर दहा ठिकाणी करून झालं होतं. संध्या सगळं बघत होती. तिनं पदर तोंडात धरला. डाव्या पायाच्या खोलगट भागात मात्र तो चटकन "हो" म्हणाला, आणि ती खाली खुर्चीवर बसली.

"आग होते तेव्हाच यायचं होतं," बाई म्हणाल्या. रागावल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. "कोणाची आग साखरेनं, कोणाची बी-बारानं, कोणाची थायरॉइडनं, कोणाची खरंच बुटानं. तपासल्याशिवाय कसं कळणार? आता रोज दोन्ही पाय डोळ्यांनी पाहायचे. अनवाणी फिरायचं नाही, गरम पाण्यात पाय घालायचे नाहीत. घालण्याआधी बूट झटकायचे. आणि जखमेचा रंग बदलला तर त्याच दिवशी या."

"अन् वाटी?" संध्यानं विचारलं.

"वाटीनं साखर उतरत नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर, सुगत झोपल्यावर, तिनं तूप घेतलं आणि स्वतःच्या धडधाकट पायावर वाटी घासली. पाव तासात तिचाही तळवा काळाकुट्ट झाला. दोन वर्षं ती काशाचा काळा रंग बघून खूश होत होती. ती न्हाणीत जाऊन पाय धूत राहिली आणि रडत राहिली.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. रोज पट्टी सोडली की ती पाय दिव्याखाली धरून कड न् कड बघायची. एकदा कडेला निळसर दिसलं तेव्हा ती त्याला घेऊन तडक अमरावतीला धावली. तो औषधाचा डाग निघाला. साखर उतरत गेली, इंजेक्शनं झाली, आणि सहाव्या आठवड्यात बाईंनी पट्टी कायमची काढली. पाय वाचला होता.

वाटी आता फळीवर असते, तिच्या जागी छोटा आरसा आलाय. रोज संध्याकाळी ती आरसा धरून बोटांच्या बेचक्यासुद्धा तपासते. सुगतनं नुसतं "आराम हाय" म्हटलं तरी ती पुन्हा आरसा उचलते.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी तो कामावरून आला, बूट झटकून कोपऱ्यात ठेवले, आणि मोजे काढता काढता थांबला. यावेळी बुटाचं नाव त्यानं घेतलं नाही.

"संध्या," तो घाबरत म्हणाला, "डावा पाय जळून राहिला."

तिनं पाय मांडीवर घेतला. आरसा फिरवला, कुठं काही नव्हतं. मग तिनं तळव्याच्या खोलगट भागात नखानं एक रेघ ओढली. सुगत पाय ओढून घेत खुदकन हसला.

"जळू द्या," ती म्हणाली, आणि तो पाय दोन्ही हातांनी धरून हमसाहमशी रडू लागली.