गुडघ्याची चौकशी

शिवणकाम सोडून घरी बसलेल्या मावशींनी आपली गुडघेदुखी कुणाच्या कानावर घातली नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये तेवढी भरली होती. आठवड्याभरात तेलवाले, गुडघ्याचे पट्टे विकणारे, विमावाले, सगळ्यांचे फोन सुरू झाले. "मावशी, गुडघा काय म्हणतोय?"

मावशींचं डोकंच फिरलं. "मेल्यांनो, माझा गुडघा चव्हाट्यावर मांडलात होय!" त्यांनी तणतणत अ‍ॅप काढून टाकलं आणि सगळे नंबर ब्लॉक केले.

घर चिडीचूप झालं. रविवारी मुलाचा फोन आला. "बरी आहेस ना?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता ठेवूनही दिला.

मावशी फोनकडे बघत बसल्या. मग चष्मा लावून त्यांनी ब्लॉक केलेले नंबर मोकळे केले, तेच अ‍ॅप पुन्हा घेतलं, गुडघा भरला आणि धडधाकट असलेली कंबरही दुखते म्हणून ठोकून दिलं.