माझे मिटलेले ओठ

मित्रांनो, मला पाहून मुलं आधी हसतात. हसा, मला राग नाही. मी एक जुना रबरी माणूस आहे. दीड हात उंच, डोक्याला टक्कल, अंगभर रंगीत रेघा आणि रेघांवर बारीक ठिपके. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी कोरा होतो. मग एका कारागीर बाईने नाजूक कुंचल्याने माझ्यावर एकेक ठिपका मांडला. ओठ मात्र तिने मिटलेले काढले. त्याचं दुःख मला फार उशिरा कळलं.

मला विकत घेतलं ते अ‍ॅक्युपंक्चर शिकणाऱ्या एका मुलीने. केसासारख्या सुया अंगावर ठरावीक जागी टोचून दुखणं हलकं करायचं, अशी ती विद्या. तिने पहिल्या सुया माझ्यावरच टोचल्या. मी हूं की चूं केलं नाही. पुढे तिला परवाना मिळाला, तिने दोन खोल्यांचा दवाखाना थाटला आणि सगळे तिला सुईबाई म्हणू लागले. खिडकीजवळच्या फळीवर मी आणि माझ्या डोक्यावर भिंतीला तिचा चौकटीतला परवाना. तो काही सहज मिळाला नव्हता. असा परवाना देणारा कायदा व्हावा म्हणून तिच्या संघटनेने वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले होते. येणारेजाणारे आधी त्या चौकटीकडे बघत आणि मग माझ्याकडे. मी उगीचच ताठ उभा राही.

सुईबाईची एक रीत होती. पेशंटने हात पुढे केला की ती त्याचं मनगट धरायची, डोळे मिटायची आणि गप्प व्हायची. नाडी नीट कळेपर्यंत तोंडातून शब्द नाही. बाहेर नंबर लावणारी तिची नणंद नव्या माणसाला सांगायची, "घाबरू नका हो, वहिनी झोपलेली नाही. तुमचं ऐकतेय." ती शांतता मला देवापुढे बसल्यासारखी वाटायची.

मग वाईट दिवस आले. लांबच्या एका गावात परवाना नसलेल्या कुणा भोंदूने एकाच्या पाठीत सुई खोल खुपसली. फुप्फुसाला इजा झाली. माणूस देवाच्या दयेने वाचला, पण विधिमंडळात नवं विधेयक आलं. यापुढे सुया फक्त डॉक्टरांनी टोचायच्या. परवाना असो वा नसो, बाकी सगळ्यांचे दवाखाने बंद.

"चूक त्या मेल्याची आणि कुलूप आमच्या दाराला!" नणंद कडाडली.

संघटनेचे चिटणीस धावत आले. त्यांना सगळे भाऊ म्हणत. "बाई, विधेयक तपासणाऱ्या समितीपुढे आपल्यातल्या एकालाच बोलू देणार आहेत, तेही घंटा होईपर्यंत. तुम्ही बोला. परवानाधारकांना यातून वगळा, एवढी एक ओळ घालून घ्यायची आहे. हा रबरी माणूस सोबत घ्या. फुप्फुसावरच्या जागी आपण सुई आडवी का धरतो, खोल का जात नाही, ते याच्या पाठीवर दाखवा."

"मला बोलता नाही येत हो, भाऊ."

"मग पेशंटशी काय करता?"

"त्यांचं ऐकते."

तरी ती रोज माझ्यापुढे बसून पाठ करत राहिली. तिच्या बोटांचा घाम माझ्या पाठीला लागायचा.

तो दिवस उजाडला. लांबलचक टेबल, माइक, पाण्याचे ग्लास. मला टेबलावर पालथं निजवलं. "याला कपडे तरी घालायचे," एक सदस्य म्हणाले आणि हशा पिकला. अध्यक्षही हसले. माणूस वाईट नव्हता, नुसता कंटाळला होता. थट्टेत त्यांनी हात पुढे केला. "आधी आमची नाडी तर बघा, बाई."

आणि मित्रांनो, घात झाला. हात पुढे आला तशी सुईबाईची बोटं मनगटावर गेली. डोळे मिटले. ती गप्प झाली.

कुणी खाकरलं. कुणी घड्याळ पाहिलं. "बाई, बोला ना!" भाऊ मागून कुजबुजले. तिला ऐकू येईना. मी पालथा पडून तिच्या बोटाची वाट पाहत होतो. देवा, एकदाच माझे ओठ उघड, पुन्हा कधी काही मागणार नाही, अशी मी करुणा भाकली. ओठ रंगाचेच होते.

घंटा वाजली.

"साहेब, ही पाठ..." ती दचकून म्हणाली.

"वेळ संपली, बाई. नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी हात हलकेच काढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

ती एक ओळ विधेयकात गेलीच नाही. कायदा झाला.

"ज्याचं ऐकत बसलीस, त्याने तुझं ऐकलं का गं?" परतताना सोबत आलेली नणंद म्हणाली.

"हात पुढे आला गं," सुईबाई म्हणाली. "हात पुढे आल्यावर मी काय करणार?"

दवाखाना बंद झाल्यावरही तिचे जुने पेशंट, म्हातारे शिंपीकाका, आले. त्यांची बोटं आखडलेली. सवयीने त्यांनी हात पुढे केला. सुईबाईने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "आता मनाई आहे, काका." काकांचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

आता भिंतीवर चौकटीच्या जागी फिका चौकोन आहे आणि मी खोक्यात, जुन्या चादरीत. भाऊ म्हणतात, पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती मागू. नणंद म्हणते, "तेव्हा मी बोलेन, वहिनी. तू नुसती शेजारी बस." खोकं बंद करण्याआधी सुईबाईने माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले. माझ्यात काही वाहत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी ती कितीतरी वेळ ऐकत राहिली.

मित्रांनो, मी कधी तुमच्या हाती आलो तर मला उन्हात ठेवू नका, रबर तडकतं. ओल्या फडक्याने हळू पुसा, ठिपके जातात. आणि तुमच्यापुढे बोलायला उभं राहिलेलं कुणी मध्येच गप्प झालं, तर हात जोडून सांगतो, लगेच घंटा वाजवू नका.