तांबूच्या डोळ्यांवरची झापड

मित्रांनो, मी एक जुनी झापड आहे. बैलाच्या डोळ्यांवर बांधतात ती. काथ्याने विणलेल्या दोन वाट्या, आत लाल कापडाचे अस्तर आणि शिंगांमागे गाठ मारायला दोन दोऱ्या, एवढाच माझा देह. सध्या मी भुईगावातल्या एका लहानशा संग्रहालयात राहते. माझ्या डावीकडे मोडका रहाट आहे, उजवीकडे भात मोजायचे लाकडी माप. माझ्यापुढे एक गुळगुळीत कार्ड ठेवले आहे आणि त्यावर जे छापले आहे ते खोटे आहे. खरे काय ते मी तुम्हाला सांगते. गोष्ट गोड नाही. पण तुम्हाला गोडच गोष्टी सांगत राहिले, तर त्या कार्डात आणि माझ्यात फरक काय राहिला?

माझा जन्म इथल्याच एका केळीच्या वाडीत झाला. वाडीतल्या विहिरीवर रहाट होता. मोठ्या लाकडी चाकावरून मडक्यांची माळ खाली विहिरीत जायची, भरून वर यायची आणि पन्हळीत रिकामी व्हायची. ते चाक फिरवायला तांबू नावाचा बैल होता. घरच्या बाईने आपले फाटलेले लाल लुगडे कापून माझे अस्तर शिवले. वर काथ्या विणला. मग तिने आपल्या सहा वर्षांच्या लेकीला हाक मारली.

"मेरी, ये. बांध बघू तुझ्या हातानं."

डोळे का झाकायचे, ते सांगते. रहाटाच्या बैलाला सकाळभर एकाच जागी गोल फिरायचे असते. डोळे उघडे असले तर त्याला भोवळ येते. शिवाय आपण कुठेच पोहोचत नाही, हे त्याला दिसते. ते दिसले की तो थांबतो. म्हणून डोळे झाकायचे. पण ज्या हाताने पहिल्यांदा झापड बांधली, त्याच हाताने ती पुढेही बांधू द्यायची, असा काही बैलांचा स्वभाव असतो. तांबू त्यातला होता. मेरीच्या बापाने बांधायला घेतले की तो मान झटकायचा. मेरी आली की तो आपणहून मान खाली करायचा, अगदी तिच्या छातीपर्यंत. ती टाचा उंचावून गाठ मारायची. माझ्या आत त्याच्या पापण्या दोन-तीनदा फडफडायच्या आणि मग शांत व्हायच्या.

ती चार वर्षे माझी कामाची वर्षे. मेरी तांबूच्या मागे चालायची आणि दर फेरीला त्याला एकेका गावाचे नाव सांगायची. "तांबू, गास आलं. आता निर्मळ आलं. चल, आगाशी आली. बघ, अर्नाळा आला, दर्याचा वास येतो का नाय?" तांबू फुरफुरायचा. त्याला खरेच वाटत असावे की आपण रोज अर्नाळ्याला जाऊन येतो. मलाही वाटायचे. माझ्या आत कायम अंधार होता आणि त्या अंधारात ही गावे आम्ही तिघांनी मिळून पाहिली. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय गुनी बैल आहे! पोरीच्या शब्दावर चालतो." ते ऐकून मला फार अभिमान वाटायचा. आज त्याच शब्दांची मला भीती वाटते.

मग विहिरीवर विजेचा पंप बसला. तो तासाभरात दिवसाचे पाणी काढायचा. तांबूचे काम संपले. मला खिळ्याला टांगले. पण सकाळ झाली की तांबू मोकळ्या डोळ्यांनी विहिरीजवळ जायचा आणि रिकाम्या वाटेवर एकटाच गोल फिरायचा. पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मेरीचा काका म्हणाला, "याला पगार चालू ठेवा रे, फुकट राबतो बिचारा!" पुन्हा सगळे हसले. तिसऱ्या दिवशी त्याच्या फिरण्याने नव्या पंपाची वायर तुटली आणि हसणे बंद झाले.

त्या वर्षी मेरीला चर्चमध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद मिळायचा होता. त्यासाठी पांढरा झगा लागतो. बाप तिला म्हणाला, "तांबूला न्यायला उद्या ट्रक येनार हाय. तो गेला की तुझा झगा येईल. पन झापड तूच बांधायची. दुसऱ्या कोनाच्या हातानं तो ट्रकपर्यंत यायचा नाय."

"ट्रक कुठं जानार?" मेरीने विचारले.

बाप दावे गुंडाळू लागला. उत्तराची गरज नव्हती. मेरी दहा वर्षांची होती, मित्रांनो. त्या ट्रकमधून गेलेली जनावरे परत येत नाहीत, हे गावातल्या दहा वर्षांच्या कुठल्याही मुलीला माहीत होते. तिने मग विचारले, "झग्याला लेस असनार का?"

"असनार."

सकाळी तिने मला खिळ्यावरून काढले. तांबूने मान खाली केली. इतक्या दिवसांनी मी दिसले, म्हणून तो आनंदाने फुरफुरला. तिने गाठ मारली आणि चालायला लागली. पण ट्रकपर्यंतची गल्ली सरळ होती. झापड बांधून सरळ कसे चालायचे, हे तांबूला माहीतच नव्हते. चार पावले गेला आणि गोल वळला. पुन्हा सरळ केले, पुन्हा वळला. ट्रकवाल्याच्या माणसाने त्याच्या पाठीवर काठी मारली. तो जागच्या जागी थरथरत उभा राहिला.

तेव्हा मेरी त्याच्या कानाशी गेली. म्हणाली, "तांबू, गास आलं."

तो चालू लागला, सरळ.

"निर्मळ आलं. आता आगाशी. शाना माझा. बघ, अर्नाळा आला."

फळीवरून तो ट्रकमध्ये चढला. त्या माणसाने माझी गाठ सोडली आणि मला मेरीच्या अंगावर फेकले. "घे पोरी, आता नाय लागनार." तांबूने आजूबाजूला पाहिले. अर्नाळा नव्हता. त्याने मेरीकडे पाहिले. ओरडला नाही, धडपडला नाही. त्याने फक्त मान खाली केली, अगदी तिच्या छातीइतकी खाली, तिने मला पुन्हा बांधावे म्हणून.

झगा आला. त्याला लेस होती. ख्रिस्तप्रसादाच्या आदल्या दिवशी मुलांना आपली पापे फादरना सांगायची असतात. मेरीने सांगितले, "मी तांबूला फसवलं." फादर थकलेले होते, मागे मुलांची रांग होती. ते म्हणाले, "बैल विकणं हे पाप नाही, बाळ. पुढचं सांग. आईला उलट बोललीस का?" मेरीकडे पुढचे काही नव्हते.

त्यानंतर मी विसरले गेले. दहा वर्षे खिळ्याला होते. एकदा खाली पडले, तर एका वाटीत कोंबडीने अंडे घातले. लग्न होऊन गावातल्याच दुसऱ्या वाडीत जाताना मेरीने मला ट्रंकेच्या तळाशी, त्या पांढऱ्या झग्याखाली ठेवले. एकदा तिच्या मुलाने, लेस्लीने, मला शोधून काढले आणि क्रिकेट खेळायला गुडघ्यांवर बांधले. मेरीने त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की दोन घरे सोडून ऐकू गेली. लेस्लीला आजही कळलेले नाही की त्याचे काय चुकले.

मग हे संग्रहालय निघाले. वसईतल्या फ्लॅटमध्ये राहणारे हर्षवर्धन सर निवृत्तीनंतर घरोघर फिरून जुन्या वस्तू गोळा करत होते. माणूस मेहनती. मेरीच्या घरी आले, तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली होती. तिने ट्रंक उघडली आणि मला त्यांच्या हातात दिले.

"एक अट हाय, सर. कारडावर मी सांगेन तेच लिवायचं. लिवा: बैलाचं नाव तांबू. ही झापड मेरीनं बांधली आनि त्याला फसवून कसायाच्या ट्रकमध्ये चढवला. एवढंच."

"लिहितो की, आजी," हर्षवर्धन सर म्हणाले. त्यांनी वहीत लिहूनही घेतले.

मेरीला दुसरे काही नको होते. साठ वर्षे जे कोणी ऐकून घेतले नाही, ते चार लोकांनी वाचावे, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून तिच्या नातीच्या, नताशाच्या शाळेची सहल संग्रहालयात आली, त्या दिवशी तीही आली. रविवारची साडी नेसून आली. तिने चष्मा पुसला आणि एकेका अक्षरावर बोट धरून कार्ड वाचले.

'बैलाची झापड. बैलाच्या नाजूक डोळ्यांना ऊन व धूळ लागू नये म्हणून आपले पूर्वज अशी झापड मायेने विणत. प्राणिप्रेमाचे सुंदर उदाहरण!'

"सर, हे मी नाय सांगितलं."

"आजी, लहान मुलं येतात इथे," सर हळू आवाजात म्हणाले. "कसाई वगैरे नको वाटतं. भावना महत्त्वाची."

"तांबूचं नाव कुठाय?"

"अहो, कार्ड केवढं! बैलाचं नाव कुठे घालू त्यात?"

मुले खिदळली. त्यांच्यातला हृतिक सगळ्यांत पुढे होता. तेव्हा मी उघड्या टेबलावर होते. त्याने मला उचलून डोळ्यांना लावले. "ए, हा बघ, बैलाचा व्हीआर सेट! नताशा, तुझ्या आजीने कुठला गेम टाकलाय यात?"

"माझी आजी नाही ती," नताशा पुटपुटली आणि आपल्या मैत्रिणीच्या, किंजलच्या मागे सरकली. मेरीने ते ऐकले.

हृतिक गोल फिरू लागला. "हैक, हैक!" मुले त्याच्या पाठीवर चापट्या मारत होती. संपदा टीचर हसत मोबाइलवर शूटिंग करत होत्या. सरांनाही बरे वाटले. त्यांच्या संग्रहालयात मुले इतकी कधी रमली नव्हती.

"असं नाय बांधत," मेरी म्हणाली. "मी दाखवते. मान खाली कर, बाळ."

हृतिकने मान खाली केली, तिच्या छातीपर्यंत. तिने माझी गाठ मारली. बोटे वाकडी झाली होती, पण गाठ तीच. माझ्या आत मुलाच्या पापण्या दोन-तीनदा फडफडल्या आणि शांत झाल्या. मित्रांनो, त्या क्षणी मला कळले की ती काय करणार आहे. पण मला तोंड नाही.

"चल. गास आलं," मेरी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "आता निर्मळ आलं." तिने त्याला दोनदा गोल फिरवले, मग दारातून बाहेर ओट्यावर नेले. मुले टाळ्या वाजवत मागे आली. "आगाशी आली. शाना माझा."

"आजी, अजून किती?" हृतिक हसत होता.

"आलाच अर्नाळा."

तिने गाठ सोडली. हृतिक ओट्याच्या काठावर उभा होता. बुटांचे पुढचे टोक हवेत आणि खाली चार फुटांवर दगडी फरशी. मेरीने मागून त्याची कॉलर मुठीत घट्ट धरली होती, पण ते त्याला माहीत नव्हते. तो किंचाळला. मग त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिले आणि तो रडू लागला.

"असंच," मेरी म्हणाली. "असंच केलं मी तांबूबरोबर."

पुढचे सांगायला फार नाही. संपदा टीचर ओरडल्या, "वेड लागलंय का तुम्हाला? पोर पडलं असतं म्हणजे!" सरांनी मेरीला दंडाला धरून फाटकाबाहेर नेले आणि पुन्हा इकडे येऊ नका, असे सांगितले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. घाबरलेल्या मुलाला शिकवण कळते की फक्त भीती, हे मला आजही ठरवता आलेले नाही. नताशा आजीच्या सोबत गेली नाही. ती बसमध्ये जाऊन बसली.

आता मला काचेच्या पेटीत ठेवले आहे. कार्ड तेच आहे, अक्षर मात्र मोठे केले आहे. मेरी परत आली नाही.

हृतिक एकदा आला, वडिलांबरोबर. वडिलांनी कार्ड मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "वा! किती प्रेम होतं बघ लोकांचं जनावरांवर."

"खोटं आहे ते," हृतिक म्हणाला. "त्याचं नाव तांबू होतं."

"कोणी सांगितलं तुला?"

 हृतिकचा हात नकळत आपल्या कॉलरकडे गेला. "चल, पुढे बरंच बघायचं आहे," म्हणत वडिलांनी त्याला ओढून नेले.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगत नाही. मला जपण्यासाठी काच आहे. पण तुम्ही एखाद्या संग्रहालयात गेलात, तर कार्ड वाचून लगेच पुढे जाऊ नका. ही वस्तू कोणी कोणावर वापरली, एवढे तरी विचारा. आणि उद्या कोणी विश्वासाने तुमच्यापुढे मान खाली केली, तर गाठ मारण्याआधी त्याला कुठे नेत आहात हे स्वतःला खरे सांगा. मेरीने ते स्वतःला खरे सांगितले होते. तरीही तिने विचारले होते, की झग्याला लेस असणार का.